डब्यातलं पोलाद: पात्याच्या मधोमध काळी भोकं का पडतात

पातं घासून धारेपर्यंत आणलं, ४०० नंबरचा पॉलिश पेपर मारला, पोलाद खाऊन नक्षी वर आणणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं. नक्षी उमटू लागली आणि तिच्याबरोबरच पात्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढी काळी भोकं दिसायला लागली. कधी तीन, कधी सात-आठ, एकामागे एक रांगेत. दोन दिवसांचं काम, अर्ध्या सिलिंडरचा गॅस, सगळं तिथंच संपलं. माझ्या सलग चार लगडी, म्हणजे पातं घडवायचे पोलादाचे ठोकळे, अशा गेल्या. डबा पद्धतीनं नक्षीचं पोलाद घडवणाऱ्या आणखी तिघा-चौघांशी बोललो, तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात अशी पाती पडलेली. म्हणून सापडलं ते सविस्तर लिहितो.

आमचं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीपासून आतल्या एका गावात आहे. मुख्य काम शेतीचं: वखराची पास, नांगराचा फाळ शेवटणं (म्हणजे त्याला टोक-धार काढणं), विळे, कुऱ्हाडी. पेरणीच्या आधी दीड महिना मान वर करायला फुरसत नसते. नक्षीच्या सुऱ्या मी उरलेल्या वेळात करतो, मुख्यतः स्वयंपाकघराच्या. जाड चौकोनी पाईपचा डबा करायचा, त्यात बेअरिंगच्या गोळ्या आणि पोलादाची पावडर भरायची, दोन्ही तोंडं वेल्डिंगनं बंद करायची, पांढुरका पिवळा होईपर्यंत तापवायचा आणि दाबायचा. आतलं सगळं एकजीव झालं की वरचं डब्याचं कातडं घासून काढायचं. टाकणखार (बोरॅक्स) टाकून पट्ट्या जोडण्यापेक्षा हे सोपं वाटतं, कारण डबा बंद असल्यानं हवा आत जात नाही. फक्त आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि माझं घोडं तिथंच पेंड खात होतं.

गिऱ्हाईक विचारतं, हे ते जुनं जौहराचं पोलाद का? नाही. ते मुशीत वितळवून केलेलं असे, त्याची नक्षी थंड होताना आतूनच तयार व्हायची. आपल्या डब्यात काहीच वितळत नाही. घन गोळी घन पावडरीला चिकटते, ती उष्णता आणि दाब यांच्या जोरावर. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. तसल्या भट्टीतूनही लोखंड पातळ होऊन वाहत नसे, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा निघे. तो तापवून ठोकून त्यातली भोकं मिटवायची हेच तेव्हाच्या लोहाराचं काम होतं. आपलंही काम तेच आहे.

पहिल्या लगडीनंतर मला वाटलं गोळ्यांना ग्रीस राहिलं असेल. दुसऱ्या वेळी गोळ्या थिनरमध्ये दोनदा धुतल्या. भोकं तिथंच. मग वेल्डिंगवर संशय घेतला, कडेनं दोन पदर जास्त चढवले. तरी तिथंच. तिसऱ्या वेळी पावडर बदलली. चौथ्या लगडीच्या वेळी बाबा भट्टीशेजारी बसले होते. त्यांचं सगळं आयुष्य पास आणि फाळात गेलं, नक्षीचं काम त्यांनी कधी केलं नाही. मी डबा बाहेर काढला तसे ते म्हणाले, “काऊन रे, एवढ्यातच काढला? रोडगा वरून लाल झाला म्हून आतून भाजला असते काय?”

मी ऐकलं नाही. वरून तर डबा मस्त पिवळा दिसत होता. पण चौथ्या लगडीतही भोकं निघाली तेव्हा ते वाक्य आठवलं, आणि पाचवी लगड मी घासण्याआधी मधून कापली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

तुम्हाला असा त्रास असेल तर बाकी काही बदलण्याआधी तेवढं करा. लगडीच्या टोकाकडचा अर्धा-पाऊण इंच सोडून द्या, टोकं नेहमीच खराब असतात, त्यावरून काही कळत नाही. त्याच्या पुढून पाव इंच जाडीची चकती काटछेदात कापा. २२० मग ४०० चा कागद मारा, दोन मिनिटं फेरिक क्लोराइडमध्ये ठेवा, धुवा, आणि भिंगातून बघा. भोक कुठं आहे ते बघायचं. मधे आहे, कडेला आहे, कोपऱ्याच्या कर्णावर आहे की सगळीकडे विखुरलंय? प्रत्येक जागेचं कारण वेगळं आहे, आणि कारण चुकीचं धरलं की माझ्यासारखे तुम्ही महिनाभर गोळ्याच धुत बसाल.

माझ्या चकतीत कडेचा सगळा भाग घट्ट होता. गोळ्या एकमेकींवर दाबून षटकोनी झालेल्या, मधल्या सांध्यात पावडर काळी आणि सलग. पण बरोबर मध्यभागी चार गोळ्या जवळजवळ गोलच राहिल्या होत्या आणि त्यांच्या मधली पावडर भुरभुरीत होती. खात्री करायला चकती लाल करून तेलात विझवली आणि शिकंज्यात धरून तोडली. कडेला तुटलेला भाग करडा, बारीक दाण्याचा. मधे मात्र एक गोळी आख्खी उपटून आली, आणि मागं गुळगुळीत खळगी राहिली, तुरीच्या शेंगेतून दाणा काढल्यावर राहते तशी. ती गोळी कुणाला चिकटलीच नव्हती.

मध्यभागी भोक म्हणजे आतपर्यंत ताव, म्हणजे पुरेशी उष्णता, गेला नाही, किंवा आतपर्यंत दाब गेला नाही. बहुतेक वेळा दोन्ही.

आधी तावाचं. दोन इंची भरीव सळई तापायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा दोन इंची डब्याला बराच जास्त लागतो. आत दाणे सुटे आहेत, एकमेकांना फक्त टोकाटोकाला शिवतात, आणि मधल्या फटींत वायू भरलेला असतो. अशी सुटी पावडर उष्णता फार हळू आत नेते. बाहेरचं कातडं १२०० अंशांवर गेलं तरी गाभा शे-दोनशे अंशांनी मागं असू शकतो, आणि डोळ्याला फक्त कातडं दिसतं. मी आधी रंग आला की पाच मिनिटं थांबून काढायचो. आता ५० मिलिमीटरच्या डब्याला संपूर्ण बाहेरून एकसारखा रंग आल्यापासून ४० मिनिटं मोजतो, दर दहा मिनिटांनी डबा पाव फेरा फिरवतो. ताव १२०० ते १२३० अंशांच्या आसपास. १३०० च्या जवळ जाऊ नका. बेअरिंगच्या पोलादात, म्हणजे ईएन ३१ मध्ये, कार्बन १ टक्क्याच्या आसपास असतो, ते जास्त तापलं की कणांच्या कडा वितळू लागतात आणि दाबल्यावर लगड ओल्या वाळूसारखी फुटते. तापमान मोजायचं के टाइप थर्मोकपल साधारण १२५० अंशांपर्यंत भरवशाचं आहे, आणि त्याचा खर्च एका फुकट गेलेल्या लगडीत वसूल होतो.

तापमापक नसेल तर सावली बघा. भट्टीच्या जागी अंधार करा, डबा पुढं ओढा. आत थंड गाभा असेल तर पिवळ्या रंगात मधोमध मळकट छाया दिसते, आणि बाहेर काढल्यावर रंग झरझर उतरतो. आतपर्यंत मुरलेला डबा रंग धरून ठेवतो. आवाजही ऐका. पहिल्या ठोक्यांना डबा भद्द वाजतो. आतून जुळत गेला की आवाज बदलतो, आणि शेवटी भरीव लोखंडासारखा ठणका ऐरणीतून हाताला कळतो. तो येईपर्यंत जोराचे घाव घालू नका.

ताव न मुरण्यामागं माझ्याकडं आणखी एक कारण निघालं: लाइट. आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही. डबा भट्टीत असताना ब्लोअर दहा मिनिटं बंद पडला, मग लाइट आली, पुन्हा रंग चढला आणि मी आधीचा वेळ धरून डबा काढला. ताव उतरून चढला की मोजणी शून्यापासून सुरू करायची, हे मला उशिरा कळलं. आता बाबांच्या वेळचा हातानं फिरवायचा पंखा दुरुस्त करून भट्टीला जोडून ठेवलाय. कोळशाच्या भट्टीवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. वाऱ्याच्या तोंडासमोर डबा ठेवला की एक कोपरा पांढरा होऊन ठिणग्या उडवतो आणि दुसरी बाजू नारिंगीच राहते. डबा वाऱ्याच्या तोंडापासून चार बोटं वर, निखाऱ्याच्या खोल थरात हवा. बाभळीचा लोणारी कोळसा यासाठी चांगला. आमच्या भागातला खाणीचा कोळसा राख फार करतो, ती राख डब्याभोवती साचते आणि ताव खाते.

आता दाबाचं. गोळ्या कितीही हलवून भरल्या तरी जागेचा साधारण ६४ टक्केच भाग भरतात. उरलेल्या ३६ टक्क्यांत पावडर जाते, पण तीही ठोकून ठोकून त्यातली साठेक टक्केच जागा भरते. हिशोब केला तर डब्यातली १५ टक्क्यांच्या आसपास जागा अजून मोकळी आहे. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या पाईपचा ५० मिलिमीटरचा डबा ४३ पर्यंत खाली आल्याशिवाय आतली पोकळी मिटूच शकत नाही, आणि तेही रुंदी वाढू दिली नाही तर. मी पहिल्या तावात, म्हणजे एकदा तापवून दाबताना, ४६-४७ वर थांबून, “बसलं” म्हणून खूश व्हायचो. आता कॅलिपरनं मोजतो आणि आकडा दुकानाच्या पत्र्यावर खडूनं लिहितो.

घणानं काम करणाऱ्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: ५० चा डबा करू नका. घणाचा घाव कातड्याजवळचं पोलाद हलवतो, गाभ्यापर्यंत पोचत नाही. प्रेस सावकाश दाबतो, त्याचा दाब आरपार जातो. प्रेस नसेल तर ३२ किंवा ३८ मिलिमीटरचा पाईप घ्या, लगड लहान होईल पण अखंड होईल. एका सुरीला तेवढी पुरते. भरताना डबा ऐरणीवर आपटत, बाजूनं हातोडीनं टकटक करत, थोडं थोडं भरा. आधी गोळ्यांचा एक थर, मग पावडर, पुन्हा टकटक. सगळ्या गोळ्या टाकून वरून पावडर ओतली तर ती वरच्या थरातच अडकते.

चकतीत भोकं कर्णावर, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर असतील, तर डबा आत भरीव व्हायच्या आधी तुम्ही तो कोपऱ्यावर ठोकलाय किंवा चौकोन कलून बर्फीसारखा झालाय. मग आतले थर एकमेकांवर घसरतात आणि नुकतेच जुळलेले सांधे उकलतात. पहिले तीन ताव फक्त सपाट बाजूंवर, दर दाबाला पाव फेरा. चौकोन कलला तर लगेच सरळ करा.

कडेला, कातड्याला लागून, करडी-काळी रेघ आणि तिच्याजवळ भोकं असतील तर हवा आत गेली आहे. वेल्डिंगच्या कोपऱ्यात बारीक भोक राहतं, तिथून पहिल्या तावापासून हवा ओढली जाते आणि गोळ्यांवर गंज-पापडी धरते. बेअरिंगच्या पोलादात दीडेक टक्का क्रोमियम असतं, त्याची पापडी एकदा बसली की ती जुळू देत नाही. मी बंद करण्याआधी आत रॉकेलचे चार-पाच थेंब टाकतो, किंवा रॉकेल मिळालं नाही तर कागदाचा छोटा तुकडा. तो जळताना आतला ऑक्सिजन संपवतो. एका टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं भोक मात्र मुद्दाम ठेवायचं, वायू बाहेर पडायला. हे भोक चुकवू नका. पूर्ण बंद डब्यात ओल किंवा जास्त रॉकेल राहिलं तर डबा भट्टीत फुटतो, आणि समोर तुमचं तोंड असतं. आतून वाहणाऱ्या वायूमुळे हवा उलटी आत यायला वाव राहत नाही, आणि पहिल्या दाबात भोक आपोआप मिटतं.

आणि जस्ताचा पाईप, म्हणजे जीआय, कधीही वापरू नका. भंगारात स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आपण त्याच्या कितीतरी वर जातो. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. घरात लहान पोरं असतात, दुकान घराला लागून असतं. काळा पाईपच घ्या.

कातडं सुटं व्हावं म्हणून आतून व्हाइटनर लावणारे पुष्कळ आहेत, मीही लावतो. तो पूर्ण वाळायला हवा, मी उन्हात चार तास ठेवतो. ओला व्हाइटनर म्हणजे परत आत वाफ. आणि त्याचा पोपडा सुटून पावडरीत पडला तर चकतीत कडेपासून थोडं आत पांढुरकी चिमटी दिसते. तो डाग काही केल्या जुळत नाही.

भोकं सगळीकडे विखुरलेली असतील, मधे-कडेला भेद नसेल, तर मात्र दोष मालाचा आहे. यात मी केलेली सर्वांत मोठी चूक अशी: पावडर महाग म्हणून ग्राइंडरखालचा बुरा चुंबकानं गोळा करून भरला. दिसायला तो बारीक पोलादच. पण ग्राइंडरमधून उडणारा प्रत्येक कण ठिणगी होऊन हवेत जळालेला असतो, त्यावर पापडी असते, आणि त्यात चाकाचे खडेही मिसळलेले असतात. ती लगड पाचव्या घावाला भाकरीसारखी फुटली. लेथवरच्या बारीक चुऱ्यालाही तेल असतं. तो धुऊन चालू शकतो, पण तो कशाचा आहे हे माहीत असेल तरच. पावडर घेताना कार्बन विचारा. नुसत्या लोखंडाची पावडर आणि ०.८ टक्के कार्बनच्या पोलादाची पावडर दिसायला सारखीच, पण पहिलीचं पातं धारेला नरम पट्टे देतं. एक काडेपेटीएवढा छोटा डबा करून बघा, तेलात विझवा, कानस चालवा. कानस घसरली पाहिजे.

गोळ्यांमध्ये स्टेनलेसची एखादी मिसळली तर तिच्याभोवती गोल रिंगणात फट दिसते. चुंबकावर विसंबू नका, काही स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. गोळ्या मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ज्या चकाकत राहतील त्या बाजूला काढा, बाकीच्यांचा गंज घासून, धुऊन, वाळवून घ्या.

पावसाळ्यात हाच दोष पुन्हा येतो. जुलैत आमच्याकडं भिंती घाम फोडतात, तर उघड्या डब्यातली पावडर काय कोरडी राहणार? मी आता पावडर झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो आणि भरण्याआधी लोखंडी तव्यावर मंद आचेवर अर्धा तास हलवतो. तव्यावर धरलेल्या थंड काचेवर बाष्प दिसेनासं झालं की कोरडी झाली. रंग तपकिरी झालेली पावडर सरळ टाकून देतो, तिच्यात आता गंज आहे.

एक दोष असा, जो जुळणीचा नसूनही तसाच दिसतो. पातं विझवताना ‘टिंग’ असा आवाज आला आणि मग रेघ दिसली, तर ती तडा आहे. ईएन ३१ पाण्यात विझवू नका, तेलातच. मी सरकीचं तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून वापरतो, आपल्या भागात सहज मिळतं. जवसाचं घेऊ नका, ते हवेनं चिकट होत जातं. ताव ८२० ते ८३०, आणि आधी तीन वेळा लाल करून हवेत निवू द्यायचं. विझवल्यावर लगेच २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला पुन्हा तापवणं. तडा धारेकडून पाठीकडे जाते आणि वेडीवाकडी असते. न जुळलेला सांधा गोळीच्या कडेकडेनं, गोलाईनं जातो. भिंगाखाली हा फरक स्पष्ट दिसतो.

लगड कापली आणि मधे भोक सापडलं, तर ती लगेच भंगारात टाकू नका. डब्याचं कातडं अजून अंगावर असेल आणि कापलेल्या तोंडाखेरीज हवा कुठून आत गेली नसेल, तर त्या तोंडावर पत्र्याचा तुकडा ठेवून पुन्हा वेल्डिंग करा. पुन्हा पूर्ण ४० मिनिटं, पुन्हा सपाट बाजूंवर दाब, आणि या वेळी आणखी तीन-चार मिलिमीटर खाली. माझी पाचवी लगड अशी वाचली. कातडं उतरवलं असेल, किंवा भोकाच्या आत काळी पापडी दिसत असेल, तर प्रयत्न करू नका. म्हणून चकती बघेपर्यंत कातड्याला ग्राइंडर लावायचा नाही. आणि शेवटी कातडं पूर्ण निघालं याची खात्री फेरिक क्लोराइडनंच करा. मऊ लोखंडाचा पातळ पदर धारेवर राहिला तर नक्षी सुंदर दिसेल, पण सुरी टमाटर कापणार नाही.